तबकडी मूळची की रंगवलेली?

जुनं मनगटी घड्याळ घेताना बहुतेक जण ते कानाशी धरतात, टिकटिक ऐकतात आणि पैसे मोजून मोकळे होतात. खरी किंमत मात्र तबकडीत असते. मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते. कारखान्यात झालेली छपाई एकदा पुसली गेली की ती परत मिळत नाही. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लखलखीत ओमेगा, फेवर ल्युबा, एचएमटी मांडलेली दिसतात. त्यांतल्या कितीतरी तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. आपल्या दमट हवेत चावीच्या बाजूने ओल आत शिरते, तबकडीवर डाग पडतात, आणि पूर्वी घड्याळजी दुरुस्तीबरोबर तबकडीही रंगवून देत. त्यात गैर काही नव्हतं. फसवणूक होते ती रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकताना.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी यूव्ही टॉर्च ठेवा. त्याच मॉडेलच्या जुन्या जाहिरातींचे आणि लिलावातल्या घड्याळांचे चार-पाच फोटो मोबाइलमध्ये आधीच जमवा. तुलनेला काही नसेल तर भिंगाचा उपयोग निम्माच.

सुरुवात वाचण्यापासून करा. तबकडीवर जे छापलंय ते आतल्या मशीनशी जुळतं का? मागचं झाकण उघडायला लावा. एचएमटी जनता हे १७ ज्युवेल्सचं, चावी द्यायचं घड्याळ. त्यावर ‘ऑटोमॅटिक’ दिसलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही. एचएमटीच्याच पायलटची ओळख काळी तबकडी आणि पांढरे आकडे अशी आहे. भडक नारिंगी किंवा पोपटी पायलट समोर आलं तर आधी संशय घ्या. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१मध्ये बंगळुरूत सुरू झाला आणि २०१६मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ‘कंपनीचा नवाकोरा माल’ म्हणून ढिगाने घड्याळं दाखवणाऱ्याला तो माल आला कुठून, हे विचारायलाच हवं.

आता भिंग लावा. इथे घाई करू नका. मूळ छपाईत अक्षराच्या कडा धारदार असतात, शाईचा थर सगळीकडे सारखा आणि किंचित उठावदार असतो. रंगवलेल्या तबकडीत अक्षरं फुगतात, बारीक टोकं नाहीशी होतात, दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त होतं. मग मिनिटांच्या रेषांकडे या. तासाची प्रत्येक खूण आपल्या रेषेच्या बरोबर समोर आहे का? एखादी रेष खुणेच्या डावीकडे सरकलेली दिसली की हाताने किंवा घाईच्या साच्याने केलेलं काम समजा. स्विस घड्याळांत सहाच्या खाली, अगदी कडेला, ‘स्विस मेड’ बारीक अक्षरात असतं. रंगवणारे ते गाळतात, वर चढवतात किंवा वाजवीपेक्षा मोठं करतात. सेकंदाची छोटी तबकडी असेल तर तिच्यातली बारीक वर्तुळं पाहा. नव्या रंगाने ती बुजलेली असतात. बसवलेल्या धातूच्या खुणांच्या बुडाशी रंग साचलेला दिसला तरी तोच निष्कर्ष. तिनाच्या बाजूला तबकडीच्या कडेवर छोटी खाच दिसली तर नोंद करा. रंगवताना दिशा कळावी म्हणून ती पाडतात, पण काही मूळ तबकड्यांनाही खाच असते, म्हणून एकट्या खाचेवरून निकाल देऊ नका.

यानंतर अंधारात टॉर्च. ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल तर चमकीत, म्हणजे काट्यांवरच्या आणि खुणांवरच्या अंधारात चमकणाऱ्या लेपात, ट्रिटियम होतं. ही पद्धत १९६०च्या दशकापासूनची. त्याआधी रेडियम वापरत. दोन्हींची जुनी चमक टॉर्चखाली उजळली, तरी टॉर्च बंद करताच विझते. मिनिटभर हिरवी चमकत राहिली तर लेप अलीकडचा आहे. मात्र लेप नवा म्हणजे छपाई नवी असं नाही, ते वेगळं तपासा. ‘टी’ आहे पण तबकडीवर आणि काट्यांवर चमकीचा ठिपकाही नाही, किंवा तबकडीची चमक पिवळट आणि काट्यांची पांढरीशुभ्र, म्हणजे कुठेतरी फेरफार झालेला आहे. रेडियमची चमक खरवडू नका, तिची धूळ फुंकू नका. ती चमकायची थांबली तरी किरणोत्सर्ग थांबत नाही. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात.

शेवटी तबकडीची पाठ. हे काम घड्याळजीकडूनच करून घ्या, कारण काटे काढताना तबकडीला ओरखडा सहज पडतो. पाठीवर रंगाचे ओघळ, पॉलिशच्या खुणा किंवा तबकडी मशीनवर बसवणारे पाय गोंदाने चिकटवलेले दिसले तर ती तबकडी कोणीतरी सोलून पुन्हा केलेली आहे.

वडिलांचं घड्याळ रोज हातात घालायचं असेल तर रंगवलेली तबकडी खुशाल असू द्या. संग्रहासाठी घेत असाल तर डागाळलेली मूळ तबकडी चकचकीत नव्या रंगापेक्षा नक्कीच मोलाची. आणि विक्रेता झाकण उघडू देत नसेल, भिंग लावू देत नसेल, तर तबकडी रंगवलेली आहे असं धरूनच भाव सांगा.