रात्रनिवाऱ्यातले फोटो

प्रश्न : आमची संस्था बेघरांसाठी रात्रनिवारा चालवते. देणगीदार फोटो मागतात. राहणारी माणसं ‘काढा की’ म्हणतात, तरी मनाला खटकतं. फोटोंनी खरंच काही बदलतं का? आणि चेहरे दाखवावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बदलतं, पण नुसत्या फोटोने नाही. मला सर्वांत पटलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. ‘शेल्टर’ ही संस्था तिथे डिसेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. त्या काळी सरकारी हिशेबात बेघर म्हणजे पालिकांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात दाखल झालेली माणसं. शेल्टरचं म्हणणं असं, की ओल धरलेल्या, गळक्या खोलीत अख्खा संसार रेटणारं कुटुंबही बेघरच. डोक्यावर छप्पर असलेल्याला बेघर का म्हणायचं, हे आकडे सांगून लोकांना पटणार नव्हतं. ती खोली आतून दाखवणं भाग होतं.

ते काम निक हेजेस या तरुण छायाचित्रकाराने १९६८ ते १९७२ या काळात केलं. ग्लासगोमधलं गोर्बल्स, बर्मिंगहॅममधलं बॉलसॉल हीथ, लिव्हरपूल, मँचेस्टर अशा ठिकाणी तो घराघरांत गेला. पोपडे सुटलेल्या भिंती, एकाच पलंगावर दाटीने झोपलेली भावंडं, थकलेल्या आया. हे फोटो शेल्टरच्या मोहिमेत वापरले गेले. पुढे १९७७ मध्ये बेघर कुटुंबांच्या घराची जबाबदारी पालिकांवर टाकणारा कायदा झाला. त्यामागे वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता, बीबीसीवरच्या ‘कॅथी कम होम’ या नाट्याने हादरलेलं जनमत होतं, आणि हे फोटोही होते.

पण तुमच्या प्रश्नाशी हेजेसचं खरं नातं पुढेच आहे. फोटोतल्या माणसांची ओळख जपली जावी म्हणून या फोटोंच्या वापरावर ४० वर्षांचं बंधन घालण्यात आलं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१४ मध्ये. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पलंगावरचं ते मूल उद्या शाळेत जाणार, नोकरी मागणार, लग्न करणार. त्याची गरिबी आईबापांनी दाखवू दिली, पण त्याला कुणी विचारलं होतं?

उलट टोकाला न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस. १८८७ च्या सुमारास जळत्या भुकटीचा फ्लॅश निघाला आणि ते रात्री-अपरात्री कोंदट खोल्यांत शिरून झोपलेल्या माणसांवर उजेड पाडू लागले. त्यांच्या लेखणीने आणि फोटोंनी शहर हललं, हे खरं. पोलीस ठाण्यांतले गलिच्छ निवारे १८९६ मध्ये बंद झाले. तरीही दचकून जागे झालेले ते चेहरे पाहताना मला अवघडल्यासारखं होतं.

‘काढा की’ या होकाराला म्हणूनच फार वजन देऊ नका. ज्याच्या हाती आज रात्रीचं अंथरूण आहे, त्याला नाही कसं म्हणणार? माणूस निवारा सोडून स्वतःच्या पायावर उभा राहिला, की छापलेला फोटो हातात देऊन पुन्हा विचारा, आणि त्या वेळी तो नको म्हणाला तर फोटो काढून टाका. लहान मुलांचे चेहरे मी अजिबात दाखवणार नाही. देणगीदारांना तोवर खोली दाखवा: किती चटया, किती नळ, संडासाला कडी आहे का, बायकांसाठी वेगळी जागा आहे का. पैसा त्यासाठीच हवा आहे ना?