दार वाजवणारं कोणीतरी

आजचे वाचन : रोमकरांस पत्र 16:3-16



खरं सांगा, रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय तुम्ही कधी नीट वाचलाय का? मी तर अनेक वर्षं तो सरळ ओलांडून जायचो. आठव्या अध्यायाखाली रेघा मारायच्या, बाराव्यातलं एखादं वचन स्टेटसला ठेवायचं, आणि सोळाव्यात आलं की नुसती नावंच नावं. याला सलाम, तिला सलाम. यात काय मनन करायचं?

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे पत्र लिहिलं तेव्हा पौल रोमला एकदाही गेलेला नव्हता. तरीही तो तिथल्या वीसहून जास्त लोकांना नावानिशी सलाम सांगतो. आणि पुष्कळ नावं घोळक्याने येतात. प्रिस्का, अक्विला आणि त्यांच्या घरी जमणारी मंडळी (5). हर्मेस, आणखी चौघे आणि त्यांच्याबरोबरचे बंधू (14). युलिया, निरीय, त्याची बहीण आणि त्यांच्याबरोबरचे पवित्र जन (15). रोममध्ये तेव्हा चर्चची इमारत नव्हती. लोक कोणाच्या तरी घरी जमायचे. आज आपण ज्याला सेल ग्रुप, केअर ग्रुप किंवा घरातली प्रार्थनासभा म्हणतो, तीच त्यांची मंडळी होती.

प्रिस्का आणि अक्विला यांच्याकडे जरा थांबून बघा. हे तंबू करणारं जोडपं. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडायला लावलं तेव्हा ते करिंथात आले आणि पौलाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं (प्रेषितांची कृत्ये 18:2-3). पुढे इफिसात गेले, तर तिथेही त्यांच्या घरी मंडळी भरायची (1 करिंथ 16:19). परत रोमला आले, आणि पुन्हा तेच. तीन शहरं, तीन वेळा बस्तान बसवणं! आणि आपण? नवी खोली, नवं डिपॉझिट, नवी नोकरी, आणि "जरा सेटल झालो की ग्रुपला यायला लागतो." हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं वापरलंय.

आता एक कबुली देतो. मी आमच्या शुक्रवारच्या ग्रुपचा लीडर असतानाची गोष्ट आहे. दहा-बारा जण यायचो. गिटार, दोन गीतं, वचन, प्रार्थना, मग चहा. छान चाललंय असं मला वाटायचं. आमच्यातली एक बहीण यायची बंद झाली. पहिल्या शुक्रवारी वाटलं, ऑफिसात अडकली असेल. दुसऱ्या शुक्रवारी मी व्हॉट्सॲप ग्रुपवर "वी मिस यू ऑल" टाकलं. ऑल! तिने हात जोडल्याचा इमोजी पाठवला आणि मला तेवढं पुरलं. पाचव्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाकडून कळलं की तिची नोकरी गेली होती. ती रूमवर एकटीच होती आणि घरी गावाला काही सांगितलं नव्हतं. तिची खोली माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती.

मी गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मला वाटलं मी आले नाही तरी ग्रुप चालतोच की." हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. कारण ते खरं होतं. ग्रुप चालतच होता.

त्यानंतर मेथडिस्ट मंडळीच्या इतिहासातला एक प्रसंग मी वेगळ्या नजरेने वाचला. 1742 साल, इंग्लंडमधलं ब्रिस्टल शहर. जॉन वेस्ली यांच्या लोकांनी सभेसाठी जागा बांधली होती आणि तिचं कर्ज फिटत नव्हतं. ते कसं फेडायचं यावर बैठक बसली. फॉय नावाचे एक कॅप्टन म्हणाले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, आपल्यातल्या कित्येकांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर कॅप्टन म्हणाले, मग सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याच्या वाटचं मी भरीन.

म्हणजे सुरुवात वर्गणीपासून झाली! पण पैसे गोळा करायला दर आठवड्याला दारात जायचं म्हटलं की माणूस दिसतोच. कोणाच्या घरात काय चाललंय, कोण वाट चुकतोय, हे कळू लागलं आणि ते वेस्लींच्या कानावर आलं. आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच, हे त्यांनी ओळखलं. पुढे घरोघर जाणं अवघड पडू लागलं. वेळ फार जायचा, आणि जे नोकरचाकर होते त्यांच्या मालकांना असं कोणी भेटायला आलेलं चालायचं नाही. म्हणून ते दहा-बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. त्यालाच 'क्लास मीटिंग' म्हणू लागले.

यातला क्रम बघा. आधी दारात जाणं, मग एकत्र बसणं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी शुक्रवार ठरवतो, गीतं ठरवतो, आणि दारापर्यंत कधी पोचतच नाही.

फॉय यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कमी पडेल ते मी भरीन, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आमच्याकडे काय व्हायचं, एका घरी पोहे, दुसऱ्या घरी पावभाजी, तिसऱ्या घरी केक. मग ज्याच्या खोलीत चार खुर्च्याही नाहीत तो आपल्याकडे सभा घ्यायचं टाळायचा, आणि हळूहळू यायचंही. आता आम्ही फक्त चहा ठेवतो. सगळे जमिनीवर बसतो. (पावभाजीवाल्या काकू अजून थोड्या नाराज आहेत.)

आणखी एक बदल केला. वचनाच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : हा आठवडा कसा गेला? "प्रेझ द लॉर्ड, सगळं छान" असं उत्तर आलं तर आम्ही गप्प बसून थोडं थांबतो. बऱ्याचदा खरं उत्तर त्यानंतर येतं. तिथे बोललेलं तिथेच राहतं. प्रार्थनाविनंतीच्या नावाखालीसुद्धा बाहेर जात नाही. हे पाळलं नाही तर याकोब 5:16 मध्ये सांगितलेली एकमेकांजवळची कबुली कोणी देणारच नाही, आणि का द्यावी?

ती बहीण आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. तिच्या खोलीवर दर बुधवारी चौघीजणी जमतात. एक जण दोन आठवडे आली नाही, म्हणून ती तिच्या पीजीवर निघाली होती. "काय नेऊ?" असं तिने विचारलं होतं. मी लिहिलं, काही नको, जा फक्त.

प्रार्थना : प्रभू येशू, आमच्या ग्रुपमधलं जे नाव गेल्या काही आठवड्यांत आम्ही घेतलंच नाही, ते आत्ता आठवू दे. नंबर माझ्याकडे आहे, पत्ताही आहे. आज संध्याकाळी मला आळस करू देऊ नकोस. आमेन.