हाकेला ओ देणारे यंत्र

कर्करोगाचे नाव ऐकताच मनुष्य दचकतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार, मोठमोठी रुग्णालये हीच त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या रोगाचे कित्येक प्रकार असे आहेत, की त्यांची बीजे मनुष्य स्वतःच्या हाताने रोज थोडीथोडी पेरीत असतो. या बीजांत तंबाखूचा मान पहिला. ती ओढली काय, चघळली काय, की भाजून, पूड करून मशेरी म्हणून दातांना लावली काय, तिच्यातील नायट्रोसामाइनसारखी विषारी द्रव्ये शरीरातील पेशींच्या गाभ्यात बिघाड करतात. आणि हा बिघाड वर्षानुवर्षे साचत गेला म्हणजे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. भारतात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत प्रौढ माणसांपैकी शेकडा २८.६ जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे त्या मानाने थोडे. चघळणारे आणि मशेरी लावणारेच फार.

तंबाखू वाईट, हे खाणाऱ्यास ठाऊक नसते असे मुळीच नाही. पुडीवर रोगाचे भयंकर चित्र छापलेले असते, आणि ते पाहतच तो पुडी फोडतो. निकोटीन या द्रव्याची मेंदूला सवय जडलेली असते. ते वेळेवर मिळाले नाही, की जीव कासावीस होतो, चित्त कशात लागत नाही. यालाच आपण तलफ म्हणतो. तलफेची एक खूण मोठी आशादायक आहे : तिची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढी मिनिटे जो तग धरील त्याने ती लढाई जिंकली. पण ही लढाई दिवसातून अनेकदा करावी लागते आणि तीही एकट्याने. वैद्य उपदेश करतो दवाखान्यात. तलफ येते एस. टी. च्या थांब्यावर, जेवण उरकल्यावर, रात्रपाळीच्या मधल्या सुटीत. त्या क्षणी शेजारी असते ते केवळ खिशातले दूरध्वनीयंत्र. मग त्यालाच सोबतीस का घेऊ नये?

हा विचार प्रथम कसोटीला लावणाऱ्यांत न्यूझीलंडचे संशोधक होते. २००५ साली त्यांनी आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १,७०५ धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांना सिगारेट सोडण्याच्या कामी धीर देणारे, मन दुसरीकडे वळविणारे छोटे संदेश नियमाने पाठविण्यात आले. सहा आठवड्यांनंतर त्यांपैकी शेकडा २८ जणांनी सिगारेट सोडल्याचे सांगितले. उरलेल्या निम्म्यांत हे प्रमाण शेकडा १३ होते. परंतु ‘सांगितले’ हा शब्द येथे ध्यानात ठेवला पाहिजे. व्यसनी मनुष्य लाजेपोटी खोटे बोलतो, आणि यंत्राला त्याचा चेहरा दिसत नाही.

ही उणीव ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाने भरून काढली. डॉ. कॅरोलाइन फ्री आणि त्यांचे सहकारी यांनी ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे वाटणी केली. दोन्ही गटांना संदेश जात. मात्र एका गटाला जाणाऱ्या संदेशांचा सिगारेट सोडण्याशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या गटातील प्रत्येकाने सिगारेट सोडण्याचा दिवस स्वतः ठरवायचा होता. मग पहिले पाच आठवडे दररोज पाच संदेश, आणि त्यापुढे सव्वीस आठवडे दर आठवड्यास तीन. येथवर ही योजना घड्याळाच्या गजरासारखीच वाटते. तिचे खरे मर्म पुढे आहे. तलफ असह्य झाली, की त्या मनुष्याने ‘तलफ’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द पाठवावयाचा, की तत्काळ उत्तर येई : ही घटका टळेल, तोवर अमुक करून पाहा. मोह आवरला नाही आणि सिगारेट ओढलीच, तर ‘घसरलो’ या अर्थाचा शब्द पाठवावयाचा. त्यावर रागावणे नाही, धिक्कार नाही; पुन्हा उभे राहण्याची उमेद देणारे चार शब्द येत. पुस्तक किंवा भित्तिपत्रक आपले सांगणे सांगून मोकळे होते. हे यंत्र हाकेला ओ देत होते. माझ्या मते, घसरलेल्यास न रागावणे हाच या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग होय. एका पराभवाने आता सारे संपलेच असे मानून कितीजण पुन्हा जुन्या वाटेला लागतात!

सहा महिन्यांनी ज्यांनी ‘सोडली’ म्हणून सांगितले, त्यांच्या लाळेची तपासणी झाली. निकोटीनचे शरीरात रूपांतर होऊन कोटिनीन तयार होते. ते लाळेत सापडले, की लबाडी उघडी पडते. या कठोर परीक्षेत पहिल्या गटातले शेकडा ४.९ उतरले, दुसऱ्यातले १०.७. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

शंभरांत अकरा! कोणी म्हणेल, एवढ्यासाठी हा खटाटोप? परंतु जवळजवळ फुकटात पडणाऱ्या संदेशांनी यशस्वी होणाऱ्यांची संख्या दुपटीहून वाढली, हे विसरून चालणार नाही. शिवाय एका माणसाने तंबाखू सोडणे म्हणजे किती मिळविणे, याचे मोजमापही ब्रिटनमध्येच झालेले आहे. सर रिचर्ड डॉल यांच्या गटाने तेथील डॉक्टरांच्या प्रकृतीची १९५१ पासून पन्नास वर्षे नोंद ठेवली. तिशीत धूम्रपान सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते, पन्नाशीत सोडणाऱ्याचे सहा वर्षांचे, आणि साठीत सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे, असे त्या नोंदींवरून २००४ साली दिसून आले.

आपल्या देशात २०१६ साली केंद्र सरकारने याच धर्तीची योजना सुरू केली. तिचे दार उघडण्याची युक्ती मात्र अस्सल आपली होती : मिस्ड कॉल. ठरलेल्या क्रमांकावर घंटा वाजवून बंद करावयाची. पैसाही पडत नाही. मग तिकडून प्रश्न येतात, आपण उत्तरे देतो, आणि त्यांनुसार संदेश मिळू लागतात. वीस लाखांहून अधिक लोकांनी अशी घंटा वाजविली. कोणी बळजबरी केली नव्हती. सोडण्याची इच्छा मनात होती, तिला वाट हवी होती.

तरीही संदेश वाचावा लागतो. पहाटे चुलीपाशी बसून मशेरी भाजणाऱ्या ज्या वृद्ध आजीला अक्षरओळख नाही, आणि घरातले एकमेव यंत्र ज्या घरी मुलाच्या खिशात असते, तिथे लिखित शब्द काय कामाचा? तिच्यासाठी दुसरी सोय आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत २०१६ साली तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलणारे समुपदेशक नेमण्यात आले, आणि पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही असे केंद्र निघाले. २०१८ च्या सप्टेंबरपासून तंबाखूच्या पुड्यांवर त्या भयंकर चित्रासोबत १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक छापला जाऊ लागला. आजीला तो वाचता येणार नाही. पण शाळेत जाणाऱ्या नातवाला येतो, आणि मुलाच्या खिशातले यंत्र संध्याकाळी घरी येते.