कुट्टीच्या पात्याला धार, आणि बोटांना आधार
(शेती व आरोग्य)



सुगी झाली, ज्वारी खळ्यातून घरात आली आणि कडब्याची गंजी रचून झाली की आपल्या भागात कुट्टीचे काम सुरू होते. मादन हिप्परगा, आळंद आणि पलीकडे अक्कलकोट-उमरग्याच्या शिवेपर्यंत रब्बी ज्वारी हे माणसाचे अन्न आणि तिचा कडबा हे जनावरांचे अन्न. मालदांडीचा कडबा गोड खरा, पण त्याचे धाट जाड. तसाच गव्हाणीत टाकला तर जनावर पाला खाते, शेंडा खाते आणि बुडखे तुडवून टाकते. उन्हाळ्यात चारा महाग झाला म्हणजे या तुडवलेल्या बुडख्यांची किंमत कळते. म्हणून बहुतेक घरांत हाताने फिरवायचे कडबा कुट्टी यंत्र आले आहे. या पाठात त्या यंत्राच्या पात्यांना धार कशी लावावी आणि त्यासाठी हाताने फिरवायचे धारेचे चाक कसे वापरावे, हे आपण पाहू. त्याचबरोबर या कामात हात, डोळे आणि गंजी कशी सांभाळावी, तेही पाहू.

पवित्र शास्त्रातील धार

बोथट हत्याराची गोष्ट पवित्र शास्त्रालाही परकी नाही. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात ज्ञानी माणूस सांगतो की लोखंड बोथट झाले आणि धार लावली नाही, तर जोर जास्त लावावा लागतो. शहाणपणाने काम केले तर ते यशस्वी होते. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात तर एक फार बोलकी हकिगत आहे. इस्राएलात तेव्हा लोहार उरला नव्हता. पलिष्टी लोकांनी तो उरू दिला नव्हता. त्यामुळे नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावायची तर शेतकऱ्याने शत्रूच्या गावी जायचे आणि तो मागेल तो दाम मोजायचा. फाळाचा दाम तिथे ‘पीम’ असा लिहिला आहे. हा शब्द पुष्कळ काळ कोणालाच नीट कळत नव्हता. विसाव्या शतकात उत्खननात तो शब्द कोरलेली दगडी वजने सापडली, तेव्हा समजले की पीम म्हणजे शेकेलचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, जवळजवळ पावणेआठ ग्रॅम चांदी.

यातून आपण घ्यायचा बोध साधा आहे. ज्याच्या हाती धार, त्याच्या हाती हंगाम. गावातला लोहार आपला शेजारी आहे, शत्रू नव्हे. त्याचे काम त्याला द्यावेच. फाळ शेवटण्याचे, पात्याला पाणी देण्याचे काम त्याचेच आहे. पण दर आठ-पंधरा दिवसांनी लागणारी साधी धार घरच्या घरी लावता आली, तर ऐन कामात खोळंबा होत नाही.

पाते बोथट झाले, हे कसे ओळखावे?

धाट कापण्याऐवजी चेंगरते, कुट्टीला लांब धागे राहतात, तुकडे सारखे पडत नाहीत आणि चाक जड जाते. चाक जड गेले की फिरवणारा जोर लावतो आणि पेंढी सारणारा ती हाताने आत ढकलतो. बोटे जाण्याची वेळ बहुधा हीच असते. धारदार पात्यापेक्षा बोथट पाते अधिक घातकी असते, ते याचमुळे. धार चांगली असली तर रूळ आपोआप धाट ओढून घेतात आणि हात तोंडापासून लांब राहतो. घरातील बायामाणसांच्या खांद्याला आणि कमरेला लागणारा त्रासही कमी होतो, कारण कुट्टीचे चाक बहुतेक घरी त्याच फिरवतात.

धारेचे हातचाक

हे यंत्र लहान असते. एक घासचाक, त्याला जोडलेले दाते, एक फिरवायची मूठ आणि फळीला पकडणारा शिकंजा, एवढेच. मूठ एकदा फिरवली की दात्यांमुळे चाक अनेक वेळा फिरते. समजा मूठ मिनिटाला ५० वेळा फिरवली आणि दात्यांची पट १० आहे, तर चाक मिनिटाला ५०० फेरे घेईल. विजेवरची घासणी साधारण २८०० फेरे घेते. विजेची घासणी काम लवकर उरकते, पण पाते पटकन तापवते. तापून धारेवर निळा रंग आला की लोखंडाचे पाणी उतरले असे समजावे. मग तिथे धार धरत नाही आणि पाते पुन्हा पुन्हा बोथट होते. हातचाक सावकाश घासते म्हणून नवशिक्याच्या हातूनही पाते सहसा बिघडत नाही. शिवाय त्याला विजेची वाट पाहावी लागत नाही.

घासचाक विकत घेताना त्याला लाकडी मुठीने हलके टिचकावे. खणखणीत आवाज आला तर चाक अखंड आहे. भदभद आवाज आला तर आत तडा आहे, ते घेऊ नये. घरी आणल्यावर चाक ओले ठेवू नये आणि खाली पडू देऊ नये. पडलेले चाक पुन्हा टिचकावून पाहिल्याशिवाय बसवू नये.

धार लावण्याची रीत

१. प्रथम कुट्टीच्या मोठ्या चाकाच्या आऱ्यांत लाकडी ओंडका अडकवून चाक हलणार नाही असे करावे. मोटरवरचे यंत्र असेल तर पट्टा उतरवावा आणि विजेची जोडणी काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पोर येऊन ते दाबू शकते.

२. पान्याने बोल्ट सोडवताना हाताचा जोर धारेकडे जाऊ नये. बोल्ट घट्ट असेल तर थोडे तेल सोडून थांबावे. काढलेले पाते गोणपाटात गुंडाळून न्यावे.

३. पाते पुसून स्वच्छ करावे. त्याची एक बाजू सपाट असते आणि दुसरीला उतार असतो. घासायचे ते उताराच्या बाजूनेच. सपाट बाजू कापणाऱ्या पट्टीला लागून फिरते. ती घासून गोल केली तर पाते कधीच नीट कापणार नाही.

४. हातचाक जड फळीला किंवा ओंडक्याला घट्ट बसवावे. कुट्टीचे पाते लांब आणि वाकडे असते, म्हणून दोघे लागतात: एकाने मूठ फिरवावी, दुसऱ्याने दोन्ही हातांनी पाते धरावे. मूळचा उतार जसा आहे तसाच ठेवावा. उतार फार पातळ केला तर धार लवकर उडते, फार उभा केला तर पाते चेंगरते.

५. पाते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या चालीने सरकवावे. एका जागी थांबले तर तिथे खड्डा पडतो. मधून मधून पाते पाण्यात बुडवावे. हाताला चटका बसू लागला की थांबावे.

६. घासताना सपाट बाजूला एक खरखरीत कड येते. पाते सपाट ठेवून ओल्या निसण्यावर दोन-चार वेळा फिरवले की ती निघते. धार बोटाने तपासू नये. कागद कापून पाहावा.

७. दोन्ही पात्यांवर सारखेच हात फिरवावेत. एक झिजून हलके आणि दुसरे जड राहिले तर मोठे चाक थरथरते आणि बोल्ट सैल होतात. शंका वाटली तर दुकानातल्या तराजूत दोन्ही पाती तोलून पाहावीत.

८. पाती परत बसवून बोल्ट आधी हलकेच आवळावेत. मग चाक हाताने अगदी सावकाश फिरवावे. पाते पट्टीला घासू नये, पण दोहोंत फटही राहू नये. पट्टीवर कागद धरून चाक फिरवले असता कात्रीने कापावा तसा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला गेला पाहिजे. कागद धरणाऱ्याचे बोट पट्टीपासून वीतभर लांब असावे. कागद नीट कापला गेला की बोल्ट पक्के करावेत आणि थोडी धाटे घालून पाहावे.

पाते नीट असूनही कुट्टी चेंगरत असेल, तर तोंडाची पट्टी पाहावी. तिची कड गोल झाली असेल तर नुसत्या पात्याच्या धारेने भागत नाही; ती लोहाराकडून सरळ करून घ्यावी.

गंजी आणि गव्हाण सांभाळा

घासताना ठिणग्या उडतात. हे काम गंजीजवळ किंवा गोठ्यात कधीही करू नये. मोकळ्या अंगणात, वारा गंजीकडे वाहत नसताना, शेजारी पाण्याची बादली ठेवूनच बसावे. वर्षाची वैरण एका ठिणगीत जाऊ शकते.

लोखंडाचे कण आणि सुटलेले नट वैरणीत मिसळू देऊ नयेत. गाय-बैल चारा निवडून खात नाहीत, गिळून टाकतात. खिळा किंवा तार पोटात गेली की ती आतल्या पिशवीला टोचते, कधी हृदयापर्यंतही पोचते, आणि चांगले जनावर झुरून मरते. जुन्या भोंग्यातले लोहचुंबक दोरीला बांधून जागेवरून फिरवले की कण गोळा होतात.

आणखी एक गोष्ट. कोवळ्या, पाण्याच्या ताणावरच्या किंवा फुटव्याच्या हिरव्या ज्वारीने जनावरांना किरळ लागते. कुट्टी केली म्हणून ते विष जात नाही. अशी वैरण देऊच नये.

आरोग्य: डोळे आणि हात

घासताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि नाकावर फडके असावे. पदर, धोतराचा सोगा, सैल बाही आवरून घ्यावी. डोळ्यात कण गेला तर चोळू नये. काडीने, पदराच्या टोकाने किंवा जिभेने काढण्याचा प्रयत्न करू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरी खुपत राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

हात कापला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा आणि हात उंच ठेवावा. जखमेत हळद, चुना, तंबाखू, राख किंवा रॉकेल घालू नये. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते डॉक्टरांना सांगावे. मळलेली जखम असेल आणि लस घेऊन पाच वर्षांहून अधिक झाली असतील, तर ती पुन्हा घ्यावी लागते.

बोट तुटून पडले तर घाबरून ते टाकून देऊ नये. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लावू नये. १०८ ला फोन करून विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळ वाया गेला नाही तर बोट पुन्हा जोडले जाण्याची आशा असते.

मुलांकडे विशेष लक्ष असावे. कुट्टीचे चाक मुलांना खेळण्यासारखे वाटते. एक फिरवतो आणि दुसरा हात घालतो. दिल्लीच्या आय. आय. टी. मधील दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी उत्तर भारतातील खेड्यांत शेतीच्या अवजारांनी होणाऱ्या इजांचा अभ्यास केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात कुट्टी यंत्रासाठी सोपे उपाय आहेत: पात्यांवर झाकण, हात पुढे जाण्याआधी सावध करणारा रूळ आणि काम नसताना चाक अडकवून ठेवणारी कळ. ही कळ आपल्याकडे गावचा लोहारही बसवून देऊ शकतो. तोवर काम संपले की साखळी आणि कुलूप लावून चाक बांधून ठेवावे.

सर्वांनी मिळून

एका घराला हातचाक रोज लागत नाही. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक घेतले तर खर्चही वाटला जातो. ते कोणाकडे ठेवायचे, झिजलेले चाक कोणी बदलायचे हे आधीच ठरवावे, म्हणजे पुढे कुरबुर होत नाही. ज्या विधवा भगिनीच्या घरी पाते काढणारा कोणी नाही, तिच्या यंत्राला आपल्याबरोबरच धार लावून द्यावी. हीही सेवाच आहे.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून ठरवून दिला. नाझरेथच्या त्या सुताराची हत्यारे बोथट राहिली असतील असे आम्हांस वाटत नाही. ज्या हातांनी आपण मिस्सात प्रभूचे शरीर स्वीकारतो आणि घरी लेकरांना भाकरी देतो, ते हात राखणे हे आपले कर्तव्य आहे.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या कुट्टीच्या पात्यांना शेवटची धार कधी लावली?
२. काम संपल्यावर आपल्या यंत्राचे चाक बांधलेले असते काय?
३. घरातील प्रत्येकाने धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली?
४. आपल्या वस्तीत कोणाच्या यंत्राला धार लावून देण्याची गरज आहे?