न पाहिलेला एक्स-रे

दंतोपचारांच्या उपलब्धतेचा विचार करताना डोळ्यांसमोर बहुधा दवाखानाच नसलेले खेडे येते. परंतु मुंबईतील माटुंग्यासारख्या वस्तीत, जेथे किंग्ज सर्कलपासून फाइव्ह गार्डन्सपर्यंत ठिकठिकाणी दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात, तेथेही दवाखाना जवळ असणे आणि उपचार नीट होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, हे प्रस्तुत लेखिकेला दोन वर्षे आणि एक दाढ गमावल्यानंतर कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. तरीही आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये, अपघात वगळता, दातांचा साधा उपचार बसत नाही, त्यामुळे मध्यमवर्गीय रुग्ण पदरचे पैसे मोजतो आणि एवढे मोजल्यावर काम चोखच झाले असेल, असे धरून चालतो.

कीड दाताच्या कठीण थरातून आतल्या मज्जेपर्यंत, म्हणजे नस व रक्तवाहिन्या असलेल्या मऊ गाभ्यापर्यंत पोहोचली की बहुधा रूट कॅनल करावे लागते. त्यात ही मज्जा काढून मुळांमधील बारीक नलिका टोकापर्यंत साफ केल्या जातात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरल्या जातात. खालच्या पहिल्या दाढेला साधारणपणे दोन मुळे आणि तीन किंवा चार नलिका असतात. त्यातील एखादी अर्धवट राहिली तर आत उरलेले जंतू मुळाच्या टोकाशी पू करू शकतात, मग वरची कॅप कितीही सुबक असो. लेखिकेच्या बाबतीत नेमके हेच घडले. काम घराजवळच्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी नव्हे, तर आठवड्यातून एकदा बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनी केले, ज्यांचे नाव पावतीवर कधीच आले नाही. तिसऱ्या भेटीनंतर ते येईनासे झाले, दुसऱ्याच कोणी दाढ बंद केली, आणि सगळी रक्कम आगाऊ भरलेली असल्यामुळे मागे फिरण्याची वाट उरली नाही. पुढे ठणका सुरू झाल्यावर ‘नवीन कॅपची सवय व्हायला वेळ लागतो’ हे उत्तर चार वेळा मिळाले, आणि पाचव्या वेळी, रुग्ण झोपेत दात खाते, असा दोष तिच्याच माथी मारला गेला.

मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासून मुंबई सेंट्रलला उभे आहे, आणि माटुंगा रोडहून धीम्या लोकलने ते स्टेशन पाचवे येते. शेवटी तेथे केसपेपर काढून रांगेत बसल्यावर एका शिकाऊ डॉक्टर मुलीने एक्स-रे काढला, तो पाहून ती काही न बोलता आपल्या सरांना घेऊन आली, आणि सरांनी पेनाच्या टोकाने पडद्यावर एकेक मूळ दाखवले. भरलेली नलिका एक्स-रेत पांढऱ्या रेघेसारखी दिसते, तर टोकाशी संसर्गाने हाड झिजले असेल तेथे काळसर डाग दिसतो. मागच्या मुळातील रेघ टोकाजवळ गेली होती. पुढच्या मुळातील एक रेघ मध्यावरच थांबली होती, दुसरी नव्हतीच, आणि त्याखाली वाटाण्याएवढी काळी सावली होती. सरांनी कोणालाही नाव ठेवले नाही. ‘ताई, आधीचा एक्स-रे आणलाय का?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि त्या क्षणी लक्षात आले की दोन वर्षांत तो एकदाही दाखवला गेला नव्हता. मुळाला उभी चीर गेल्यामुळे दाढ काढावीच लागली.

उपचारांची फाइल मागितल्यावर घराजवळच्या दवाखान्याने आधी सॉफ्टवेअर बदलल्याचे सांगितले, मग डॉक्टर परगावी असल्याचे, आणि अखेर व्हॉट्सॲपवर नाव नसलेला, तारीख नसलेला जो फोटो पाठवला, त्यातली दाढ उजव्या बाजूची होती. काढलेली दाढ डावी होती. हा निव्वळ गोंधळ होता असे मानणे लेखिकेला आजही शक्य नाही. आधीच चौकशी करायला हवी होती, असे इमारतीतल्या अनेकांनी ऐकवले. परंतु नलिका रुग्णाला दिसत नाही, ती ज्याला दिसते त्याने दाखवायची असते.

म्हणून रूट कॅनल करून घेणाऱ्याने कॅपचे माप देण्यापूर्वी, नलिका भरून झाल्यानंतरचा एक्स-रे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, पांढऱ्या रेघा टोकाजवळ पोहोचल्या आहेत का आणि एकूण नलिका किती सापडल्या हे विचारावे, आणि तो एक्स-रे नाव व तारखेसह त्याच दिवशी मोबाइलवर घ्यावा. पैसे भेटीगणिक द्यावेत. प्रत्यक्ष हात लावणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, कारण कायद्याने दंतवैद्याला नोंदणी सक्तीची आहे. नायरला जायचे तर सकाळची रजा पडते आणि एका दाढेसाठी अनेक फेऱ्या होतात, हे खरे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते सोसत नाही. लेखिकेनेही रजेचेच कारण पुढे करून ती वाट टाळली, आणि घराजवळच्या दवाखान्यात अकरा अर्धे दिवस घालवले. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि लेखिकेचे सात महिने तर नुसती फाइल मागण्यातच गेले.