वॉर्निंग दाबायला कोणी सांगितलं?

रिलीज फसलं की पहिला प्रश्न येतो, 'पॅकेज कोणी बांधलं?' तपासणीने आधीच दाखवून दिलेली चूक 'आत्ता सोडून दे' म्हणत कोणी पुढे ढकलायला लावली, हे कोणी विचारत नाही. खापर फुटतं ते पॅकेज बांधणाऱ्याच्या माथी. याची चीड आहेच, पण माझं म्हणणं चिडीपुरतं नाही. रिलीज अडवण्याचा अधिकार नसलेली आपोआप तपासणी हा निव्वळ देखावा असतो. आणि ती डावलायचीच असेल, तर डावलणाऱ्याने नावानिशी कारण लिहिलं पाहिजे.

'टेस्ट तर सगळ्या पास झाल्या' हे नेहमीचं उत्तर. पण टेस्ट बहुधा सोर्सच्या फोल्डरवर चालतात आणि लोकांकडे जातं ते बांधलेलं पॅकेज. एनपीएमचंच बघा. वगळायच्या फाइलींसाठी '.एनपीएमइग्नोर' ठेवली, की त्या फोल्डरपुरती '.गिटइग्नोर' विचारातच घेतली जात नाही. टेस्टचं फोल्डर वगळावं म्हणून कोणी चांगल्या हेतूने ती फाइल टाकतो, आणि गिटमध्ये कधीच न गेलेली, पासवर्ड असलेली '.एन्व्ह' फाइल पॅकेजबरोबर जगजाहीर होते. पायथॉनमध्ये उलटं होतं: टेम्प्लेटचं फोल्डर आपल्या मशीनवर असतं, व्हीलमध्ये नसतं. 'उद्या दुरुस्त करू' म्हणायचीही सोय नाही, कारण पायपीआयवर चढवलेल्या फाइलचं नाव ती काढून टाकली तरी पुन्हा वापरता येत नाही; नवा नंबर काढावाच लागतो. म्हणून एनपीएम पॅक आधी ड्राय-रनने चालवा आणि फाइलींची यादी खरोखर वाचा. व्हील कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवून, सोर्सच्या फोल्डरबाहेर उभं राहून चालवा. चेंजलॉग, लायसन्स, व्हर्जन नंबर हेही बघाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही साधनं उगाच ओरडतात, आणि त्यांचं ऐकलं तर कधी कधी नुकसानच होतं. डेबियनमधलं ओपनएसएसएलचं प्रकरण यासाठी हमखास पुढे केलं जातं. 2006 मध्ये वाल्ग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार मिटवण्यासाठी तिथे कोडमधल्या ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक ओळ एन्क्रिप्शनची किल्ली बनवताना लागणारी यादृच्छिकता मिसळणारी होती. मागे उरला प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या किल्लीच्या जेमतेम 32,768 शक्यता. मे 2008 मध्ये ते उघड झालं. हे प्रकरण मला आक्षेपाच्या बाजूचं वाटत नाही. अर्थ नीट न लागता तक्रार मिटवणं आणि अर्थ न लावता ती दाबणं, दोन्हींत हेतू एकच: स्क्रीन स्वच्छ दिसावी. डेबियनच्याच लिंटियनमध्ये, जे 1998 पासून पॅकेजं तपासतंय, चुकीची वाटणारी सूचना ओव्हरराइड करता येते आणि त्या ओळीच्या वर कारणाची टिप्पणी लिहिता येते. सोय आहे, ती वापरायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही द्यायची नसतील, तर आक्षेप साधनावर नाही, जबाबदारीवर आहे.

आता कोणी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं 2024 चं प्रकरण काढेल, जिथे मागचा दरवाजा मुद्दाम, चतुराईने बसवला होता. असलं कपट साधी तपासणी पकडेल असा माझा दावा नाही. पण तिथेही सगळं सुरू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. तपासायचं काय, तर लोकांच्या हाती पडणारी वस्तू, हे त्यातूनही दिसतंच.

जुन्या प्रोजेक्टला तपासणी लावली की शेकडो वॉर्निंग येतात आणि लोक ती पहिल्याच आठवड्यात बंद करतात. त्यापेक्षा आजची यादी फाइलमध्ये गोठवा आणि फक्त नव्या वॉर्निंगवर बिल्ड पाडा. तपासणीच्या साधनाचंही व्हर्जन पक्कं करा, नाहीतर ऐन रिलीजच्या दिवशी ते नवा नियम घेऊन येतं आणि वैतागलेले वरिष्ठ सगळंच बंद करायला सांगतात. तसं फोनवर सांगितलं, तर नम्रपणे पण ठामपणे म्हणा: ओव्हरराइडची ओळ आणि तिचं कारण तुमच्या नावाने कमिट करा, मग बिल्ड पुढे जाईल.