उडत्या तबकडीचा तपास

'उडती तबकडी' हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. तो ऐकताच परग्रहावरून आलेल्या यानाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. या शब्दाचे मूळ मात्र अमेरिकेतील एका वैमानिकाने दिलेल्या साध्या उपमेत आहे. त्या उपमेची आणि तिच्यामागोमाग झालेल्या लष्करी तपासाची हकीकत उद्बोधक आहे.

केनेथ आर्नल्ड हे आग विझविण्याच्या साधनांचे विक्रेते होते. २४ जून १९४७ रोजी दुपारी तीनच्या सुमारास ते वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ आपल्या छोट्या विमानातून एका हरवलेल्या लष्करी विमानाचा शोध घेत होते. अकस्मात लख्ख प्रकाश चमकला. पाहतात तो नऊ चकाकत्या वस्तू एका रांगेत वेगाने चाललेल्या! काचेवरील परावर्तनाने आपली फसगत तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांनी खिडकी उघडली. वस्तू तशाच दिसत राहिल्या. रेनियर आणि अ‍ॅडम्स या दोन पर्वतांमधील अंतर त्या वस्तूंनी १०२ सेकंदांत कापल्याचे त्यांनी घड्याळावर मोजले. त्यावरून वेग निघाला ताशी सुमारे १,७०० मैल. तोपर्यंत कोणतेही विमान ध्वनीच्या वेगापुढे गेल्याची नोंद नव्हती.

पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशा त्या वस्तू चालल्या होत्या, असे आपण वार्ताहरांना सांगितल्याचे आर्नल्ड यांचे म्हणणे होते. उपमा गतीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला जोडली. पाहता पाहता देशभरातून तबकड्या दिसल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

दुसरे महायुद्ध संपून त्या वेळी दोनच वर्षे झाली होती. सोव्हिएत संघाने एखादे नवे शस्त्र तर निर्माण केले नसेल, अशी शंका लष्कराला येणे स्वाभाविक होते. जुलै महिन्यात हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे दोन अधिकारी आर्नल्ड यांना भेटले. या गृहस्थाने सांगितले ते खरोखरच पाहिले असावे, असा अभिप्राय त्यांच्या अहवालात नोंदविला गेला.

पुढे हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक यांनी आर्नल्ड यांच्या निवेदनाची छाननी केली. वस्तूंचे अंतर वीस ते पंचवीस मैल आणि आकारमान मोठ्या प्रवासी विमानाहून लहान, असे आर्नल्ड यांचे अनुमान होते. परंतु इतक्या दूरची एवढी लहान वस्तू नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसणे शक्य नाही. वस्तू जवळ असतील, तर त्यांनी कापलेले अंतर कमी भरते आणि वेगही सामान्य विमानाएवढा उरतो. घड्याळ अचूक होते. अंतराचा मात्र अंदाजच होता. अखेर हवाई दलाने 'मृगजळ' अशी नोंद केली. आर्नल्ड मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

अशा घटनांचा हवाई दलाचा तपास १९६९ मध्ये बंद झाला. तोवर १२,६१८ नोंदी झाल्या होत्या. त्यांपैकी ७०१ घटनांची उकल झाली नाही. उकल न होणे म्हणजे परग्रहवासीयांचा पुरावा मिळणे नव्हे. त्याचप्रमाणे साक्षीदार खोटे बोलला, असेही नव्हे. प्रामाणिक माणसाचेही अनुमान चुकू शकते. त्याच्या शब्दाचा मान राखून त्याने पाहिलेले आणि मानलेले वेगळे करणे, हेच खऱ्या तपासाचे काम होय.

पाठगत प्रश्न

१. आर्नल्ड यांनी आपली खातरजमा करण्यासाठी कोणत्या दोन गोष्टी केल्या?

२. 'उपमा गतीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला जोडली.' या विधानांचा अर्थ स्पष्ट करा.

३. आपण ऐकलेली एखादी नवलाची घटना घ्या. तिच्यातील 'पाहिलेले' आणि 'मानलेले' यांची वेगवेगळी यादी करा.